कागदपत्रे नसलेले आणि स्थलांतरित विद्यार्थी : वर्गशिक्षकाने नेमके काय करावे?

मर्यादवेल

नमस्कार मंडळी. मी दक्षिण कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजमध्ये सागरी जीवशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम शिकवते. माझ्या वर्गातील बरीच मुले घरातून कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच असतात, आणि काही जण रात्रपाळी संपवून थेट सकाळी आठच्या वर्गाला येतात. एका प्रसंगाने गेले काही आठवडे मला बोच लावली आहे, म्हणून हा धागा काढते आहे. विद्यार्थी कोण, कोणत्या देशातला, हे मुद्दाम लिहीत नाही.

दर सत्रात मी वर्गाला बसने ला होया येथील बर्च ॲक्वेरियम आणि तिथला खडकाळ किनारा दाखवायला नेते. यंदा सहलीचे अर्ज गोळा करताना एका हुशार विद्यार्थ्याने ‘येणार नाही’ या चौकोनात खूण केलेली दिसली. खाली कारणाच्या ओळीत पेन्सिलीने ‘गाडी लागते’ असे लिहिलेले होते, आणि त्याआधी लिहिलेले काहीतरी खोडरबराने पुसल्याचा डाग कागदावर राहिला होता. मी सगळ्यांदेखत त्याला म्हणाले की गोळी मी आणून देते, पण अशी संधी चुकवू नकोस. तो हसला, मान हलवून जागेवर बसला आणि पुढचे दोन आठवडे वर्गाला आलाच नाही.

नंतर एका सहकारी प्राध्यापिकेने मला बाजूला घेऊन विचारले की तुमची बस परत कोणत्या रस्त्याने येते. सॅन डिएगोकडून उत्तरेला येताना आय-५ महामार्गावर ओशनसाइड सोडले की सॅन क्लेमेंटेच्या अलीकडे बॉर्डर पेट्रोलची, म्हणजे सीमा पोलिसांची, तपासणी चौकी लागते. ती कधी बंद असते, कधी चालू असते. चालू असली तर प्रत्येक गाडीला तिच्यासमोरून जावे लागते आणि तुम्ही नागरिक आहात का, असा प्रश्न कोणालाही विचारला जाऊ शकतो. गेली सहा वर्षे मी त्याच रस्त्याने मुलांना आणते आहे. पाकिटात ग्रीन कार्ड असल्यामुळे त्या चौकीकडे मी कधी नीट पाहिलेच नव्हते.

त्यानंतर मला माझ्या वागण्यातल्या आणखी गोष्टी दिसू लागल्या. उन्हाळी संशोधनासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या आरईयू कार्यक्रमात अर्ज करा, असे मी दरवर्षी वर्गाला कळकळीने सांगते. त्याचे विद्यावेतन केवळ नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळते, हे मी एकदाही बोलले नाही. त्या मुलाचे इमिग्रेशन स्टेटस काय आहे, हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित त्याला खरोखरच गाडी लागत असेल.

मला विचारायचे ते असे. अशा विद्यार्थ्याशी आपणहून बोलावे का, आणि बोलायचे तर कोणत्या शब्दांत? फी आणि आर्थिक मदतीबद्दल वर्गशिक्षकाला किती माहिती असायला हवी? आणि उद्या इमिग्रेशनचे अधिकारी वर्गाच्या दाराशी आलेच, तर मी काय करायचे आणि काय करायचे नाही? इथे कॉलेजांत काम करणारे, किंवा स्वतः या वाटेने गेलेले कोणी असतील तर कृपया लिहा.

अर्जखिडकी

मर्यादवेल ताई, मी कॅलिफोर्नियातल्याच एका कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयात अनेक वर्षे काम करते आहे, त्यामुळे तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांवर सविस्तर लिहिते.

विचारू नका, ही पहिली गोष्ट. ‘तुझ्याकडे कागदपत्रे आहेत का’ हा प्रश्न कितीही मायेने विचारला तरी समोरच्याला खोटे बोलणे किंवा धोका पत्करणे यांतून एक निवडावे लागते, आणि त्या उत्तराचा तुम्हाला काही उपयोगही नसतो. त्याऐवजी जी माहिती त्याला लागेल ती सगळ्या वर्गाला सांगा. अभ्यासक्रमपत्रिकेत अपंगत्व साहाय्य केंद्र, मोफत धान्यकोठी यांच्या शेजारी एक ओळ आमच्यासाठीही ठेवा. २०१९ च्या एबी १६४५ या राज्य कायद्यानुसार (एबी, एसबी ही राज्य विधेयकांच्या क्रमांकाआधीची अक्षरे) राज्यातल्या प्रत्येक कम्युनिटी कॉलेजने आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रत्येक कॅम्पसने ‘ड्रीमर रिसोर्स लायझन’, म्हणजे कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांना मदत करणारी व्यक्ती, नेमलेली असते. त्या व्यक्तीचे नाव, खोली आणि भेटीच्या वेळा पत्रिकेत छापा. ज्याला गरज आहे तो ती ओळ वाचतो. कोणी तिच्याकडे बोट दाखवावे लागत नाही. आणि विद्यार्थ्याने आपणहून काही सांगितलेच, तर ऐकून घ्या, पण ते ईमेलमध्ये, टिपणात किंवा शिफारसपत्रात लिहू नका. जे लिहिलेलेच नाही ते कोणाला मागता येत नाही.

आता फी. एबी ५४० हा कायदा २००१ चा आहे. कॅलिफोर्नियात तीन वर्षे शाळा केलेली आणि इथूनच हायस्कूल किंवा त्यासमान परीक्षा उत्तीर्ण झालेली मुले त्यामुळे परप्रांतीयांच्या वाढीव फीतून सुटतात. पुढे २०१७ च्या एसबी ६८ ने प्रौढशाळा आणि कम्युनिटी कॉलेजची वर्षेही त्या तीन वर्षांत धरली. फरक किती पडतो पाहा : आमच्याकडे एका युनिटला, म्हणजे श्रेयांकाला, ४६ डॉलर लागतात, आणि अनिवासी ठरलेल्या विद्यार्थ्याला त्यावर युनिटमागे आणखी तीनशे ते साडेचारशे डॉलर. एका प्रतिज्ञापत्रावर हे सगळे अवलंबून असते. त्यात विद्यार्थी इतकेच लिहून देतो की कायदेशीर स्टेटससाठी पात्र होताच मी अर्ज करीन. तो कागद गोपनीय असतो, पण ‘सरकारला लिहून द्यायचे’ या कल्पनेनेच मुलांच्या हातातले पेन थांबते. खिडकीपाशी उभे राहून तो कागद घडी घालून परत नेलेली मुले मी पाहिली आहेत. ती वाढीव फी भरतात, किंवा एकच विषय घेऊन वर्षानुवर्षे रखडतात.

संघराज्याची मदत, म्हणजे पेल ग्रँट वगैरे, या मुलांना मिळत नाही. त्यांनी फाफ्सा, म्हणजे संघराज्याच्या मदतीचा अर्ज, भरायचा नसतो. त्यांच्यासाठी २०११ च्या कायद्यांतून आलेला कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्टचा वेगळा अर्ज आहे. तो राज्याकडे जातो आणि त्यावर राज्याची कॅल ग्रँट व कम्युनिटी कॉलेजची फीमाफी मिळू शकते. दोन्ही अर्ज एकत्र भरून घोळ झालेली प्रकरणे आमच्याकडे दर वर्षी येतात. म्हणून शिक्षकाने ‘सगळ्यांनी फाफ्सा भरा’ असे फर्मान सोडण्यापेक्षा ‘फाफ्सा किंवा ड्रीम ॲक्ट अर्ज, यांपैकी आपल्याला लागू असेल तो भरा’ असे म्हणावे. एका शब्दाचा फरक आहे, पण मागच्या बाकावरच्या मुलाला त्यावरून कळते की बोलणाऱ्याला आपण ठाऊक आहोत.

एक गैरसमज आमच्याच सहकाऱ्यांमध्ये फार आहे : ‘या मुलांना डाका असतेच ना!’ डाका म्हणजे लहानपणी इथे आणलेल्या, कागदपत्रे नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण आणि कामाचा परवाना देणारा संघराज्याचा कार्यक्रम. आज कॉलेजात येणाऱ्या मुलांपैकी जवळपास कोणालाच ते नसते. डाकासाठी १५ जून २००७ पासून अमेरिकेत सलग राहणे आवश्यक आहे. आज अठरा वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा जन्मलेला तरी असेल का, हिशेब करून पाहा. त्यातून २०२१ पासून न्यायालयीन लढाईमुळे नव्या अर्जांवर निर्णय देणेच थांबले आहे. म्हणजे या पिढीकडे कामाचा परवाना नाही. ‘कॅम्पसवर नोकरी कर’ हा सल्ला त्यांच्या काही कामाचा नसतो. शिष्यवृत्ती मात्र चालते, कारण ती पगार नसते. तुमच्या विभागाकडे देणगीतून आलेला निधी असेल तर त्याच्या अर्जात सोशल सिक्युरिटी नंबरचा, म्हणजे या मुलांकडे नसलेल्या सरकारी क्रमांकाचा, रकाना खरोखर लागतो का, एवढे तपासा. बहुतेक ठिकाणी तो जुन्या अर्जावरून उतरलेला असतो.

तुमच्या वर्गात नर्सिंगकडे जाणारी मुलेही असतील. परवाना मिळणारच नाही, असे त्यांना कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. २०१४ च्या एसबी ११५९ नुसार राज्याची परवाना मंडळे सोशल सिक्युरिटी नंबरऐवजी आयटीआयएन, म्हणजे करदाता क्रमांक, स्वीकारतात. नोकरीचा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे, पण शिक्षणाचे दार त्या भीतीने आधीच लावून घ्यायला नको.

सरळवाट

मी वेगळे मत मांडतो. कोणाला दुखवायचा हेतू नाही. मी २०११ पासून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. प्रत्येक मुदतवाढ वेळेवर भरली, प्रत्येक कर भरला, आईच्या आजारपणात परतीच्या व्हिसा स्टॅम्पिंगच्या भीतीने भारतात जाणे लांबवले. इतकी वर्षे ग्रीन कार्डाच्या रांगेत तिष्ठत उभे राहिल्यावर, जे रांगेतच उभे राहिले नाहीत त्यांना फीमाफी आणि स्वतंत्र कार्यालय मिळते हे वाचून मनाला लागते. त्या मुलांचा दोष नाही हे मान्य आहे. पण कायद्याला काही अर्थ असावा की नाही? शिवाय मर्यादवेल ताई, तुमचे अजून ग्रीन कार्डच आहे. या भानगडीत पडून उद्या तुमच्या नागरिकत्वाच्या अर्जाला बाधा आली तर?

अर्जखिडकी

सरळवाट, तुमची व्यथा खरी आहे आणि ती मी हलकी मानत नाही. पण ज्याला तुम्ही कायदा मोडणे म्हणता त्याच्या दुसऱ्या बाजूलाही कायदाच उभा आहे. टेक्सासने कागदपत्रे नसलेल्या मुलांना शाळेतून वगळायचे ठरवले, तेव्हा १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात पाचास चार मतांनी सांगितले की आईवडिलांच्या वागण्याची शिक्षा मुलांना देता येणार नाही. त्या निकालाची मर्यादा बारावीपर्यंत आहे. त्यापुढचे दार उघडायचे की नाही हे राज्ये ठरवत आली, आणि २००१ मध्ये त्यात पहिले पाऊल टाकणारे राज्य टेक्सासच होते. या मुलांना राज्यवासीयांच्या फीत शिकू देणारा तोच कायदा जून २०२५ मध्ये संघराज्य सरकारने दावा लावताच त्याच दिवशी राज्याने मान तुकवल्यामुळे गेला. ही बातमी आली त्या आठवड्यात आमच्या खिडकीवर एकच प्रश्न येत होता : आपलेही असेच होणार का? कॉलेजचे कर्मचारी इथे जे करतात ते राज्याच्या कायद्याने त्यांना नेमून दिलेले काम आहे. अभ्यासक्रमपत्रिकेत कार्यालयाचा पत्ता छापल्याने कोणाच्या नागरिकत्वाला बाधा येत नाही.

आणि एबी ५४० चा लाभ घेणाऱ्यांत अमेरिकी नागरिकही असतात. कॅलिफोर्नियात शिकून, आईवडिलांबरोबर दुसऱ्या राज्यात जाऊन, कॉलेजसाठी परत आलेली मुले त्याच कलमाखाली फी भरतात.

कासपठार

सरळवाट, तुमच्यासारखीच रांग आम्हीही धरली होती, म्हणून लिहिते. माझी मुलगी २००६ मध्ये पाच वर्षांची असताना साताऱ्याहून आमच्याबरोबर एच-४ वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, इथे आली. आम्ही एकही दिवस स्टेटस चुकवले नाही. भारतात जन्मलेल्यांना देशनिहाय सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे किती थांबावे लागते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. ती २०२२ मध्ये एकवीस वर्षांची झाली, ग्रीन कार्ड आले नाही, आणि त्या वाढदिवसाबरोबर ती आमच्या अर्जातून बाहेर पडली. ‘एज आउट’ हा शब्द तोवर मी फक्त इतरांच्या तोंडी ऐकला होता.

तेव्हा ती विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला होती. एच-४ वर असल्यामुळे तोवर तिला नोकरी, पगारी इंटर्नशिप काहीच करता आले नव्हते. मैत्रिणी उन्हाळ्यात कामावर जात आणि ती ग्रंथालयात बसे. पुढे राहायचे तर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, करणे भाग होते, आणि एफ-१ होताच ती आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी ठरून फी कित्येक पटींनी वाढली. डाका तिला लागू नव्हते, कारण १५ जून २०१२ रोजी ती वैध स्टेटसवर होती. एबी ५४० मध्ये तिला बसवता येईना, कारण ती अजूनही वैध व्हिसावर होती. कागदपत्रे नसलेल्या मुलांच्या केंद्रात तिला सांगितले की तुझ्याकडे तर व्हिसा आहे. आंतरराष्ट्रीय कार्यालयात सांगितले की तू तर इथेच वाढलीस, आमच्या स्वागतवर्गाचा तुला काय उपयोग. एफ-१ च्या अर्जात तिला लिहावे लागले की शिक्षण संपल्यावर मी मायदेशी परतण्याचा विचार ठेवते. ज्या घराचे तिला अंगण तेवढे आठवते, त्या घराला मायदेश लिहिताना ती माझ्याकडे बघत होती. पुढच्या वर्षी तिची आजी गेली. देशाबाहेर पडले तर व्हिसाच्या मुलाखतीशिवाय परत येता येणार नाही, म्हणून ती गेली नाही. अंत्यविधी तिने फोनच्या पडद्यावर पाहिला.

त्या वर्षात तिला धीर दिला तो एका समुपदेशिकेने. त्या बाईंनी दोन्ही कार्यालयांतल्या माणसांना एका खोलीत बसवले, कोणती शिष्यवृत्ती स्टेटस विचारत नाही त्याची यादी स्वतः केली, आणि दर महिन्याला तिला फक्त चहाला बोलावले. रांगेत उभे राहिल्यामुळे माझ्या मुलीला कुठलेच कार्यालय आपले म्हणेना. पण म्हणून ज्यांना एक कार्यालय मिळाले त्यांचे ते काढून घ्यावे, असे मला कधी वाटले नाही. मर्यादवेल ताई, तुमच्या वर्गात मराठी, तेलुगू, गुजराती आडनावाचे मूल असेल आणि आईवडील मोठ्या कंपनीत असतील, तरी एकविसावा वाढदिवस जवळ आल्यावर ते एकदम गप्प होऊ शकते. तेही लक्षात असू द्या.

नूतनीकरण

मी इथे पहिल्यांदाच लिहीत आहे. माझे मराठी घरात शिकलेले आहे, त्यामुळे हा मजकूर आईकडून तपासून घेतला आहे.

मी २००२ मध्ये सहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर आलो. २००९ च्या मंदीत बाबांची नोकरी गेली, दुसरी कंपनी वेळेत मिळाली नाही, आणि आमचे स्टेटस संपले. परत का गेलो नाही, या प्रश्नाचे उत्तर आईबाबांनाही एका वाक्यात देता येत नाही. घरावरचे कर्ज, माझ्या बहिणीचे उपचार, आणि ‘पुढच्या महिन्यात काहीतरी होईल’ ही आशा, अशा अनेक गोष्टी होत्या. २०१२ मध्ये डाका जाहीर झाले तेव्हा पत्ता सरकारला कळेल या धास्तीने घरच्यांनी वर्षभर अर्ज करू दिला नाही. माझे डाकाच्या कामाच्या परवान्याचे पहिले कार्ड फेब्रुवारी २०१४ मध्ये आले. तेव्हापासून माझे आयुष्य दोन-दोन वर्षांच्या मुदतीत चालते.

५ सप्टेंबर २०१७ रोजी सरकारने डाका बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा मी कॉलेजात होतो. ज्यांचे कार्ड ५ मार्च २०१८ च्या आत संपणार होते त्यांनाच एक शेवटचे नूतनीकरण मिळणार होते, आणि अर्ज ५ ऑक्टोबरपर्यंत पोहोचायला हवा होता. माझे कार्ड फेब्रुवारीत संपत होते. महिनाभरात ४९५ डॉलर उभे करायचे होते. मी कोणालाही काही सांगितले नाही. पण रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्या आठवड्यात सगळ्या वर्गाला एक पान वाटले. त्यावर कॉलेजच्या आकस्मिक निधीची माहिती, मोफत वकिलांच्या भेटीचा दिवस, आणि शेवटी इतकेच होते की या महिन्यात ज्यांना प्रयोगवहीसाठी जास्त वेळ हवा आहे त्यांनी फक्त तारीख कळवावी, कारण कळवू नये. मी तारीख कळवली. पैसे निधीतून मिळाले आणि अर्ज मुदतीत पोहोचला. पुढे १८ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, पण त्या ऑक्टोबरात ते कोणाला माहीत होते! त्या प्राध्यापकांना माझ्याबद्दल काही ठाऊक होते की नाही, हे मला आजही कळलेले नाही. मला ते आवडते.

मर्यादवेल मॅडम, तुमच्या विद्यार्थ्याच्या जागी मी असतो तर मला माफी मागितलेली नको असती. माफी मागितली की मग आपल्यालाच समोरच्याची समजूत घालावी लागते. मला बुडालेल्या दोन आठवड्यांचे प्रयोग भरून काढण्याची तारीख मिळालेली जास्त आवडली असती.

आणि एक विनंती. वकिली सल्ला तुम्ही देऊ नका, कितीही वाचले असले तरी. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने ‘कागद करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला साठवलेले सगळे पैसे दिले आणि चुकीच्या अर्जामुळे ते आणखी अडचणीत आले. कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांनाही राज्याच्या निधीतून मोफत इमिग्रेशन वकील मिळतो. त्या भेटीची लिंक वर्गाच्या पानावर ठेवा. अनेक मुलांना आपण एखाद्या व्हिसाला पात्र आहोत हे वकिलासमोर बसल्यावरच पहिल्यांदा कळते.

मर्यादवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. नूतनीकरण, तुमचे पोस्ट वाचून मी लिहायला घेतलेले लांबलचक माफीचे ईमेल पुसून टाकले. अर्जखिडकी ताई, तिसऱ्या प्रश्नाचे राहिले. दाराशी अधिकारी आले तर?

अर्जखिडकी

हो, ते राहिले. जानेवारी २०२५ मध्ये शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळे यांच्या परिसरात कारवाई टाळण्याची जुनी मार्गदर्शिका मागे घेतली गेली, त्यामुळे हा प्रश्न आता कल्पनेतला राहिलेला नाही.

कॅम्पसचे हिरवळ, पार्किंग, उपाहारगृह हे भाग सर्वांना खुले असतात. तिथे अधिकारीही येऊ शकतात. चालू वर्ग, प्रयोगशाळा, कर्मचाऱ्यांची कार्यालये, वसतिगृहाच्या खोल्या हे खुले भाग नव्हेत. तिथे शिरायला त्यांनी न्यायालयाचे वॉरंट दाखवले पाहिजे. कागद हातात आला तर वर न्यायालयाचे नाव आणि खाली न्यायाधीशाची सही आहे का, ते बघा. आय-२०० किंवा आय-२०५ क्रमांकाचा नमुना हे खात्याने स्वतःच काढलेले प्रशासकीय वॉरंट असते. त्यावर अधिकाऱ्याचीच सही असते. पण खरे-खोटे ठरवण्याचे काम तुमचे नाही. २०१७ च्या एबी २१ कायद्याने प्रत्येक कॉलेजला यासाठी एक नेमलेला अधिकारी ठेवायला लावला आहे. तुम्ही शांतपणे म्हणायचे की मला परवानगी देण्याचा अधिकार नाही, कृपया इथे थांबा, मी संबंधितांना फोन करते. तो क्रमांक आजच फोनमध्ये घालून ठेवा. त्या क्षणी शोधत बसायला सुचत नाही.

वाटेत आडवे उभे राहू नका, कोणाला मागच्या दाराने काढू नका, खोटे सांगू नका. विद्यार्थी वर्गात आहे की नाही, त्याचा पत्ता काय, वेळापत्रक काय, यातले काहीही सांगू नका. १९७४ च्या फर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणाऱ्या, कायद्याने त्या नोंदी त्याच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयीन आदेशाशिवाय देता येत नाहीत. त्या कायद्यात एक फट मात्र आहे. नाव, पत्ता, फोन यांसारखी ‘डिरेक्टरी माहिती’ कॉलेज संमतीवाचून देऊ शकते, आणि ती थांबवायची तर विद्यार्थ्याने नोंदणी कार्यालयात आधी अर्ज करावा लागतो. एका पानाचा अर्ज आहे. सत्राच्या पहिल्या आठवड्यात तो सगळ्या वर्गाला दाखवा. एफ-१ वरच्या मुलांची गोष्ट निराळी असते; त्यांची माहिती कॉलेजला कायद्यानेच सरकारी प्रणालीत कळवावी लागते. त्यामुळे त्यांना ‘तुमच्या नोंदी पूर्ण गोपनीय आहेत’ असे आश्वासन कोणी देऊ नये.

अफवांचाही त्रास फार होतो. ‘लायब्ररीपाशी गाडी आली आहे’ असा एक मेसेज फिरला की दिवसभर वर्ग ओस पडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एसबी ९८ मुळे कॅम्पसवर कारवाईची खात्री झाल्यास कॉलेजने सर्वांना कळवणे बंधनकारक झाले आहे. मुलांना सांगा की कॉलेजच्या अधिकृत सूचनेवर भरवसा ठेवा, आणि खात्री न झालेला मेसेज तुम्हीही पुढे ढकलू नका.

सरळवाट

कासपठार ताई, तुमचे लिहिणे दोनदा वाचले. माझा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. आम्ही घरात या विषयावर कधी बोललेलो नाही. मीच टाळत आलो. सीएसपीएमुळे, म्हणजे एज आउट होणाऱ्या मुलांना संरक्षण देणाऱ्या कायद्यामुळे, वयातून काही दिवस वजा होतात असे ऐकले आहे. ते नेमके कसे मोजतात?

कासपठार

तुमची आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेली, याचिका मंजुरीसाठी जितके दिवस पडून होती, तितके दिवस वजा होतात. तुमच्या प्रायॉरिटी डेटची, म्हणजे रांगेतल्या तारखेची, पाळी येऊन व्हिसा उपलब्ध होईल त्या दिवशीचे मुलाचे वय धरायचे आणि त्यातून ते दिवस काढायचे. उत्तर एकवीसच्या खाली आले आणि त्यानंतर वर्षभरात ग्रीन कार्डासाठी पाऊल उचलले, तर तो तुमच्या अर्जात राहतो. जादा फी भरून प्रीमियम प्रोसेसिंगने याचिका पंधरा दिवसांत मंजूर करून घेतली असेल, तर वजा करायला जेमतेम तेवढेच दिवस मिळतात. आमचे तसेच झाले. पाळी कोणत्या तक्त्यावरून मोजायची हा नियमही बदलत आला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो मुलांना अनुकूल केला होता, आणि १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांना पुन्हा ‘फायनल ॲक्शन’ तारखांचा तक्ता लावला जातो. म्हणून ऐकीव हिशेबावर राहू नका, वकिलाकडून लेखी मोजणी करून घ्या. आणि मुलाशी याच वर्षी बोला. माझ्या मुलीचे माझ्यावर एकच गाऱ्हाणे आहे : तिला हे विसाव्या वर्षी कळले.

मर्यादवेल

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. सहलीचा मार्ग मी बदलला. यंदा वर्ग ला होयाला न जाता सॅन पेड्रोच्या कॅब्रिओ मरीन ॲक्वेरियमला आणि पॉइंट फर्मिनच्या खडकांवर जाईल. त्या रस्त्यावर चौकी नाही, अंतरही कमी आहे, आणि हिवाळ्यात इथली मोठी ओहोटी दुपारी येत असल्यामुळे मुलांना खडकांत हिंडायला भरपूर वेळ मिळतो. वर्गाला मी ओहोटीचे कोष्टक दाखवून हेच कारण सांगितले, आणि ते खरेच आहे. अर्जावरून ‘न येण्याचे कारण’ ही ओळ काढून टाकली आहे. आरईयूच्या सूचनेत पात्रतेची अट पहिल्याच वाक्यात घातली असून, तिच्याखाली आमच्या विभागाच्या देणगीनिधीतून मिळणाऱ्या उन्हाळी शिष्यवृत्तीची माहिती दिली आहे. त्या अर्जातला सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना विभागप्रमुखांनी एका बैठकीत काढायला लावला. तो कोणी आणि कधी घातला होता, हे तिथे कोणालाच आठवेना.

बुडालेल्या प्रयोगांसाठी शुक्रवारची दुपार सगळ्यांना खुली असल्याचे मी फळ्यावर लिहिले. चौघे जण आले आणि त्यांत तो विद्यार्थीही होता. सूक्ष्मदर्शकाखाली बार्नॅकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या सागरी जीवाची पिसासारखी पावले उघडमीट करताना त्याने बराच वेळ पाहिली, वहीत काढली, आणि जाताना सहलीचा नवा अर्ज मागून घेतला.